दुसऱ्यांदा काढलेलं पान

मी जुन्नरला टायपिंग शिकवायचे, त्या काळातली ही गोष्ट. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमचं घर डिंगोऱ्याला, भाऊ शेती बघायचा. मी रोज सकाळच्या एसटीने खिंड ओलांडून जुन्नरला जायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. बाजारपेठेतल्या एका बोळात, बांगड्यांच्या दुकानावरच्या माडीवर आमची इन्स्टिट्यूट होती. बारा मशिनं, एक पंखा, आणि दिवसभर खडखड. मालक वयस्कर होते, जुन्नरच्या जुन्या मुसलमान घराण्यातले. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. बॅचला शिकवणं हळूहळू त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं आणि स्वतः खिडकीशी बसून मशिनं दुरुस्त करायचे.

माझं वय तेव्हा पंचविशीच्या आसपास. बी.ए. झालं होतं, टायपिंगच्या दोन्ही भाषांच्या परीक्षा झाल्या होत्या, आणि मला कुठंतरी जायचं होतं. कुठं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एसटीत खिडकीशी बसले की ती जागा नको वाटायची, दुसरीकडे बसले की खिडकी हवी वाटायची. पेपरातल्या जाहिराती कापून ठेवायचे, अर्ज लिहायचे, त्यातले निम्मे पोस्टात टाकायचेच नाही. कॉम्प्युटर आले होते. टायपिंग आता चार वर्षांत संपणार असं जो तो म्हणत होता. आई स्थळं बघत होती. एखादं स्थळ आलं की मला राग यायचा, आणि त्यांनी कळवतो म्हणून कळवलं नाही की त्याहून जास्त राग यायचा.

त्याच वर्षी उन्हाळ्यात माझ्या मामेबहिणीचं पुण्यात लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर ती परदेशी निघाली. सामान आवरायला मी चार दिवस गेले होते. नको असलेल्या वस्तूंच्या ढिगात एक जाडसर पत्त्यांचा जोड होता. नेहमीच्या पत्त्यांपेक्षा लांबट, आणि प्रत्येक पानावर चित्र. तिने मध्यंतरी टॅरोचा काहीतरी कोर्स केला होता, मग तिचा त्यातला रस संपला. मी ती पानं चाळत बसलेली बघून ती म्हणाली की घेऊन जा, नाहीतर रद्दीत जातील. वापरायचं कसं तेही तिने साडीच्या घड्या घालता घालता सांगितलं. रोज सकाळी एक पान काढायचं. त्यातलं चित्र बघायचं आणि आपल्या मनात त्या दिवशी काय चाललंय ते स्वतःला विचारायचं. भविष्य सांगायला जाऊ नकोस, असं ती दोनदा म्हणाली. मी मान हलवली.

जोडाबरोबर इंग्रजीत एक बारकी पुस्तिका होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला दुपारच्या मोकळ्या तासात मी डिक्शनरी घेऊन तिचं मराठी करत बसले. पानं अठ्ठ्याहत्तर. काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी असे चार गट, आणि बावीस मोठी पानं वेगळी. इंग्रजी नावं तोंडात बसेनात म्हणून मी आपली नावं दिली. कंदीलवाला म्हातारा. गठुडंवाला पोरगा, जो कड्याच्या टोकाशी उभा आहे आणि वर बघतोय. विजेने फुटलेला बुरूज. उलटा टांगलेला माणूस. एका जुन्या वहीत हे सगळं उतरवलं, प्रत्येक पानाखाली चार रेघा मोकळ्या ठेवल्या. पानं ओढणीत गुंडाळून पर्समध्ये, सरावाच्या कागदांखाली असायची. आईने एकदा बघितली आणि विचारलं की जुगार खेळायला लागलीस का. मी म्हटलं, चित्रं आहेत नुसती.

सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस मी नेमाने एकच पान काढलं. गाडीला जायच्या आधी, अंघोळ झाल्यावर, माजघरात उभ्या उभ्या. मग वहीत दोन ओळी. त्या ओळी आज वाचल्या तर हसू येईल, पण त्यात एक गोष्ट खरी होती. पहिल्यांदाच मी स्वतःला काही विचारत होते आणि उत्तर येईपर्यंत थांबत होते. मग एक दिवस बुरुजाचं पान आलं आणि मला ते आवडलं नाही. मी ते परत जोडात घातलं, पिसलं, दुसरं काढलं. ते बरं होतं. वहीत मी दुसरंच लिहिलं, पहिल्याचा उल्लेखही केला नाही. त्यानंतर हे वाढत गेलं. नको ते पान आलं की परत. गाडीत एकदा, दुपारी बॅच सुटल्यावर एकदा. शांत होण्यासाठी काढलेल्या पानाने मी जास्तच अस्वस्थ व्हायचे, आणि अस्वस्थ झाले की आणखी एक काढायचे.

घरात हे सगळ्यात आधी वहिनीच्या लक्षात आलं. वहिनी राजुरीची. नववी पास होऊन दहावीत गेल्यावर तिची शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आमच्याकडे आली. ह्या गोष्टीच्या वेळी तिची मुलगी चार वर्षांची होती. कमी बोलायची, पण बघायची बारीक. एका रविवारी दुपारी मी पानं मांडून बसले होते, ती लसणाचं टोपलं घेऊन शेजारी बसली आणि तिने विचारलं की ह्यातलं एक मी उचललं तर चालतंय का. मी म्हटलं, उचला, पण आधी मनात काहीतरी विचारा, माझं आज काय चाललंय असं.

तिने डाव्या हाताने एक पान उचललं. त्यात एक बाई होती. डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती दोर, आणि सभोवार जमिनीत रोवलेल्या आठ तलवारी. मला पुस्तिकेतला अर्थ पाठ होता. कोंडी, असहायता, बंधनं. मी तो कसा सांगावा याचा विचार करत होते, कारण तो वहिनीला सांगण्यासारखा नव्हता. तेवढ्यात तीच म्हणाली, "वन्सं, हिचं हात बांधल्यात, डोळं बांधल्यात. पर पाय न्हाई बांधलं कुणी."

मी वाकून बघितलं. खरंच पाय मोकळे होते. महिनाभर ते चित्र माझ्याकडे होतं आणि मी ते बघितलं नव्हतं, फक्त पुस्तिका वाचली होती. वहिनी लसूण सोलायला लागली. दुसरं पान तिने मागितलं नाही.

श्रावणात आमच्या आळीत बातमी पसरली की ह्या घरातल्या पोरीला पानं बघता येतात. कुणी पसरवली माहीत नाही. रविवारी दुपारी एक-दोन बायका यायच्या, बसायच्या, आधी कांद्याबिंद्याच्या गोष्टी करायच्या, मग पानं काढ म्हणायच्या. पहिल्या बाईला मी सांगितलं की ह्यात पुढचं कळत नाही. दुसरीला जरा कमी ठासून सांगितलं. तिसरीला सांगायचं विसरले. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. जुन्नरला मी बारा मशिनांमागची एक पोरगी होते, घरात लग्न न जमलेली लेक होते. इथे बायका माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या आणि मी बोलले की गप्प व्हायच्या.

त्यांत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी मावशी होती. नात्याची नव्हे, पण लहानपणी आई शेतावर गेली की मी तिच्याकडेच असायचे, तिच्याच ताटात जेवायचे. तिचा नवरा वारला होता, मुलगा कामानिमित्त भोसरीला असायचा. ती आली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पोरी, माझ्यासाठी काढ की एक. कुशीत दुखतंय मधनंमधनं. ह्ये जाईल का न्हाई, तेवढं बघ."

मी म्हटलं की मावशी, दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा. ती म्हणाली की दाखवीन, तू पान तर काढ. मी काढलं. सूर्य आला. मोठा पिवळा सूर्य, खाली सूर्यफुलं, पांढऱ्या घोड्यावर उघडं हसरं मूल. जोडातलं सगळ्यात चांगलं पान म्हणतात ते. मावशीचा चेहरा चित्र बघूनच उजळला होता. तिला पुढे काय ऐकायचं आहे ते स्पष्ट दिसत होतं. आणि मी तेच बोलले. म्हटलं, "चांगलं आहे मावशी. सगळं नीट होईल. काळजीचं कारण नाही."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरी गेली. मी त्या दिवशी खूश होते.

गणपती होऊन आठ दिवस झाले असतील, इन्स्टिट्यूटच्या पत्त्यावर माझ्या नावाने पत्र आलं. घोडेगावच्या एका संस्थेत टंकलेखकाची जागा होती. सरांच्या ओळखीची माणसं होती तिथे. उन्हाळ्यात त्यांनीच मला अर्ज करायला लावला होता, अर्ज स्वतः टाईप केला होता, आणि मुलाखतीच्या दिवशी मला सुट्टी देऊन बॅच स्वतः घेतली होती. पत्रात लिहिलं होतं की दहा दिवसांच्या आत हजर व्हावं. सरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि सगळ्या बॅचला चहा मागवला.

नोकरी पक्की होती. घोडेगाव म्हणजे आंबेगाव तालुका, रोजचं जाणंयेणं जमण्यासारखं नव्हतं, खोली घेऊन राहावं लागलं असतं. आई म्हणाली की एकटी मुलगी खोलीवर राहते म्हटल्यावर स्थळं येतील का. भाऊ म्हणाला की तुला जमत असेल तर जा, मी सोडायला येतो. म्हणजे अडवलं कुणीच नव्हतं. आई नाराज होती, तेवढंच. मला कुठंतरी जायचं होतं ना, मग हे कुठंतरी समोर आलं होतं. आणि माझा पाय निघेना. घोडेगाव हे काही पुणं नाही, असं वाटायचं. गेले आणि तिथेच अडकले तर, असं वाटायचं. नाही गेले आणि इथेच अडकले तर, असंही वाटायचं.

मी पानांना विचारलं. पहिल्या दिवशी जे पान आलं ते मी नीट आठवून सांगू शकते. झाडाखाली एक माणूस हाताची घडी घालून बसलाय. समोर तीन पेले मांडलेत, त्यांच्याकडे तो नाराजीने बघतोय. शेजारी ढगातून एक हात बाहेर आलाय आणि त्याला चौथा पेला देतोय, पण त्याचं तिकडे लक्षच नाही. मी पान परत जोडात घातलं. दुसरं काढलं, ते तलवारीचं होतं, तेही घातलं. तिसरं बरं होतं पण त्यातून जा की जाऊ नको ते कळेना. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी मी वही बाजूला ठेवली, कारण लिहीत बसायला धीर नव्हता. गाडीत मांडीवर पर्स ठेवून, आतल्या आत हाताने चाचपून पान काढायचे. शिकवताना बोटं चुकायची. ए एस डी एफ म्हणायच्या जागी मी भलतंच म्हणायचे आणि पोरी खाली मान घालून हसायच्या. सर रोज विचारायचे की कधी निघतेस. मी म्हणायचे, बघते, खोलीचं चाललंय. खोलीचं काहीच चाललं नव्हतं.

पाचव्या की सहाव्या दिवशी सकाळी ते झाडाखालच्या माणसाचं पान पुन्हा आलं. वहिनी भाकरी बांधून द्यायला आली होती. तिने माझ्या हातातलं पान बघितलं. मी म्हटलं, ह्याचा अर्थ चिंतन असा दिलाय. 

"त्याला कुणीतरी देतंय," ती म्हणाली, "आन ह्यो बघत बी न्हाई. काय न्हाई वन्सं, रुसल्याला हाय त्यो."

मला तिचा राग आला. गाडी चुकेल म्हणून मी डबा घेतला आणि बाहेर पडले.

आठव्या दिवशी रविवार होता. वहिनी मावशीकडे ताक द्यायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही. आली ती हात न धुता सरळ माझ्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली की मावशी चार दिवस जेवलेली नाही. अंथरुणात पोटाशी पाय घेऊन पडलीय, डोळे पिवळे दिसताहेत. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर म्हणते, कशाला, पोरीनं बघितलंय सगळं नीट होणार म्हणून.

 मी तर डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं, असं म्हणाले. वहिनी म्हणाली, "आधी सांगितलं आसंल. तिनं नंतरचं धरलं."

मी मावशीकडे गेले. तिने मला बघून हसायचा प्रयत्न केला, तो मला बघवला नाही. आत्ताच्या आत्ता जाऊ असं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं, पान काय खरं नसतं मावशी. ती म्हणाली, असं नको बोलू. मी तिथे बसून राहिले, तिचे पाय दाबत. तोपर्यंत वहिनीने भावाला शेतातून बोलावलं होतं, भोसरीला मुलाला फोन लावायला पाठवलं होतं, आणि शेजारच्यांची जीप ठरवून ती आली आणि मावशीला म्हणाली की मी विचारत नाही, उठा. ओतूरच्या डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि लगेच नारायणगावला न्यायला सांगितलं. पित्ताशयात खडे होते, सूज आली होती, पू झाला होता. सोनोग्राफी बघून तिथले डॉक्टर भावाला म्हणाले की इतके दिवस घरी कसं ठेवलंत. भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटत होतं की त्याने बघावं.

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी माझा दहावा दिवस होता. मावशी शुद्धीवर होती, मुलगा तिच्या उशाशी बसला होता. वहिनी सकाळी डबा घेऊन आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली की इथं मी आहे, तुम्ही घोडेगावला जाऊन या, आजच्या दिवसात होतंय. ते खरं होतं. नारायणगावहून मंचरला गाडी मिळाली असती, तिथून घोडेगाव काही लांब नाही. दुपारपर्यंत मी पोचले असते. पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आले की मावशीच्या आजारपणात माझी नोकरी गेली. ते खोटं आहे. मी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसले. समोरच्या रस्त्यावरून मंचरच्या गाड्या जात होत्या, मी त्या मोजत नव्हते पण बघत होते. पर्समध्ये पानं होती, ती काढायची हिंमत होत नव्हती, आणि ती काढल्याशिवाय उठायची सवय राहिली नव्हती. संध्याकाळी पाच वाजता वहिनी बाहेर आली, मला तिथेच बघितलं आणि परत आत गेली.

बुधवारी मी घोडेगावला गेले. क्लार्कने पत्र बघितलं, तारीख बघितली, आणि सांगितलं की यादीतल्या पुढच्या मुलीला सकाळीच बोलावून घेतलंय. वाईट वाटून त्याने मला पाणी दिलं. मी बाहेर येऊन स्टँडपर्यंत चालत गेले आणि पहिली मिळाली ती गाडी धरली.

सरांना सांगायला दोन दिवस लागले. मी आधी दवाखान्याचं सांगितलं. त्यांनी मावशीची विचारपूस केली. मग मला काय झालं कोण जाणे, मी पानांचंही सांगून टाकलं, सगळंच. पत्र आल्यापासून रोज काढत होते हेही. सर एका मशिनची रिबन बदलत होते. बोटं काळी झाली होती. त्यांनी आधी रिबन पुरती बसवली.

"तू मला तिसऱ्या दिवशी सांगायचं होतंस, जायचं नाही म्हणून," ते म्हणाले. "मी त्यांना तोंडाने सांगितलं असतं. आता त्यांना वाटतंय, मी दिलेली मुलगी न कळवता गैरहजर राहिली."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला काढलं नाही, बॅचही तीच दिली. पण त्यानंतर त्यांनी कुठल्याही जागेसाठी माझं नाव सुचवलं नाही, आणि मलाही ते विचारता आलं नाही.

मावशी पंधरा दिवसांनी घरी आली. मी रोज जायचे, तिचं पाणी भरायचे, केर काढायचे. तिने कधी विषय काढला नाही. आळीतल्या बायका पुढच्या एका रविवारी आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं की पानं देऊन टाकली. ती माळ्यावरच्या पेटीत होती.

त्या दिवाळीच्या आधी कळलं की वहिनीने ओतूरच्या शाळेतून सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचं. फॉर्म तिने श्रावणातच भरला होता. आमच्या त्या लसणाच्या दुपारनंतर चार-पाच दिवसांतच ती जाऊन चौकशी करून आली होती, भावाला स्वतः सांगितलं होतं, राजुरीहून शाळा सोडल्याचा दाखला मागवला होता. घरात एवढं झालं आणि मला पत्ता नव्हता, कारण मी पानं काढण्यात गुंतले होते. मी तिला विचारलं की मला का नाही सांगितलंत. ती म्हणाली, तुमचं आधीच लई चाललं होतं.

त्या हिवाळ्यात मी तिला गणित आणि इंग्रजी शिकवलं. संध्याकाळी सहा ते साडेसात, चुलीजवळ, तिची मुलगी मांडीवर. बीजगणित तिला पटकन यायचं, इंग्रजीचं स्पेलिंग काही केल्या यायचं नाही. मार्चमध्ये तिने परीक्षा दिली. सेंटरवर तिच्या पुढच्या बाकावर तिच्याच नात्यातली सोळा वर्षांची पोरगी होती, दोघी एकाच गाडीने यायच्या-जायच्या. पहिल्या खेपेला इंग्रजी राहिलं, ऑक्टोबरला सुटलं. पुढे दोन वर्षांनी ती गावातल्या अंगणवाडीत लागली.

मी पानं पुन्हा काढली ती त्या परीक्षेच्या दिवसांत. का काढली ते सांगता येत नाही. टाकून द्यावीशी वाटत नव्हती आणि नुसती ठेवणंही जमत नव्हतं. ह्या वेळी वहीच्या पहिल्या पानावर मी माझ्यासाठी लिहून ठेवलं की आठवड्यातून एकदाच, आणि एकच. होईल का, मिळेल का असं विचारायचं नाही. मी काय टाळतेय, असं विचारायचं. पुस्तिका मी फाडून चुलीत घातली. चित्र बघायचं, दिसेल ते लिहायचं, आणि लिहिलेल्यातली एक गोष्ट त्या आठवड्यात करायची. दुसऱ्याच्या आयुष्यासाठी पान काढायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. हे सगळं पाळलं का? पहिलं वर्षभर अर्धंच. पण जोडात परत घातलेलं पान आता मी वहीत लिहायला लागले, तेही पहिल्या ओळीत. कंदीलवाला म्हातारा एकदा आला तेव्हा मी लिहिलं की मला एकटीने राहायची भीती वाटते, आणि मी ती आईच्या नावावर खपवते. ते वाचून दोन दिवस चैन पडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी जुन्नरलाच कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं, सकाळच्या सातच्या बॅचला. त्यासाठी जुन्नरला खोली घ्यावी लागली. आई आठ दिवस बोलली नाही, मग लोणचं घेऊन खोली बघायला आली.

मला पुढे मंचरला नोकरी लागली, एका कार्यालयात, टायपिंगच्याच जोरावर पण कॉम्प्युटरवर. लग्नही झालं, उशिरा, माझ्या पसंतीने. माणूस शांत आहे. माझी धुसफूस मात्र पूर्ण गेली असं म्हणता येणार नाही. अजूनही रविवारी दुपारी मला घरातलं सामान हलवून बघावंसं वाटतं.

मंचरला राहायला आल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मावशी माझ्याकडे आली. तिच्या भावाच्या नातवंडाचं बारसं होतं जवळच्या गावात, तिथून परत जाताना ती माझ्या घरी थांबली. केस सगळे पांढरे झाले होते, प्रकृती चांगली होती. मी कार्यालयातून जेवायच्या सुट्टीत घरी आले होते. आम्ही दोघी जेवलो. जेवून झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली, पान-सुपारीची पिशवी उघडली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "तवा तुला त्या चित्रात काय दिसलं व्हतं, खरं सांग."

इतक्या वर्षांत आम्ही ह्यावर एक शब्द बोललो नव्हतो. माझे हात खरकट्या ताटावरच थांबले. मी म्हटलं, "चित्रात सूर्य होता मावशी. बाकीचं मी माझ्या मनाने बोलले. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. आणि तुम्ही माझ्याकडे बघत होता, ते मला बरं वाटत होतं म्हणून."

ती सुपारी कातरत राहिली.

"मी बी तुला अर्धंच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "मधनंमधनं दुखतंय म्हणलं. तसं न्हवतं. रोजचंच व्हतं, उलट्या व्हत्या. ते सांगितलं आसतं तर तू दवाखान्यात जा म्हणली आसतीस. ह्यांना मी नारायणगावच्या त्याच दवाखान्यात न्हेलं व्हतं आन परत आणलं न्हाई. मला जायचं न्हवतं, पोरी. मी तुझ्याकडं त्याचसाठी आल्ती."

मला वाटायचं की हे बोलणं कधी झालंच तर मी रडेन, किंवा मोकळी होईन. तसलं काही झालं नाही. माझी चूक माझ्याकडेच राहिली, फक्त तिच्या शेजारी आता मावशीची भीती येऊन बसली, जी मी त्या रविवारी बघितलीच नव्हती. माझ्या नाकासमोर होती. मी पान बघत होते.

मी माफी मागितली. ती म्हणाली की आता ते जाऊ दे, तुझी ताटं वाळतायत. मी ताटं विसळली. तिने विचारलं की ती चित्रं अजून आहेत का, आणि मी हो म्हटल्यावर म्हणाली की दाखव, नुसती बघायला. मी ओढणी सोडून जोड तिच्या पुढ्यात ठेवला. तिने एकेक पान उचलून उजेडाकडे धरून बघितलं, लग्नातले फोटो बघावेत तशी. हा कोण, ही का रडते, ह्या घोड्याला खोगीर का नाही. मला येत होतं तेवढं मी सांगितलं, येत नव्हतं तिथे माहीत नाही म्हटलं. अर्धी पानं बघून होईपर्यंत तिच्या गाडीची वेळ झाली. मी कार्यालयात फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं आणि तिची पिशवी घेऊन स्टँडवर गेले. नारायणगावची गाडी लागली होती. तिला खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटताना ती म्हणाली की राहिलेली पुढच्या खेपेला बघीन, आणि मग मान वळवून शेजारच्या बाईला विचारायला लागली की तुमी कुठल्या.